मॅग्नेटो आणायला गेलो तेव्हा
रॉकेलचा वास आला की मला वडिलांची जुनी मोटरसायकल आठवते, कारण ते गेल्यावर दोन वर्षं मी तिचे सुटे भाग रॉकेलमध्ये धूत होतो. सगळं जुळलं होतं, फक्त मॅग्नेटो मिळेना आणि त्याशिवाय ठिणगी पडेना. वडसा, चंद्रपूर, नागपूरचं भंगार, सगळीकडे ‘ते मॉडेल बंद झालं’ एवढंच ऐकलं. मग कळलं, आरमोरीकडच्या एका गावात एका म्हाताऱ्याकडे तशीच गाडी पडून आहे. बसमधून उतरून धानाच्या बांध्यांवरून तासभर चाललो. पोचलो तेव्हा बोलायचंही त्राण नव्हतं. गाडी गोठ्यात कोंड्याच्या पोत्यांमागे उभी होती, मॅग्नेटो शाबूत. मी मागितला. म्हातारा म्हणाला, “नाई देत, भाऊ. पोराची गाडी हाये. मीच पाच सालापासून पिस्टन धुंडून राह्यलो. तुमच्याकडं हाये का?” माझ्याकडे होता. मी प्यायला पाणी मागितलं. पाणी देताना त्याची बायको हळूच म्हणाली, “पोरगा वारला, भाऊ. यायले त्या गाडीचा आवाज एक डाव आयकाचा हाये.” पुढच्या आठवड्यात मी माझ्या गाडीचा पिस्टन काढून त्याच वाटेने गेलो आणि बसवून दिला. सातव्या किकला गाडी सुरू झाली. म्हातारा सीटवर हात ठेवून, डोळे मिटून, पेट्रोल संपेपर्यंत उभा राहिला. घरचे अजून विचारतात, पिस्टन देऊन बापाची गाडी काऊन घालवली? खरं सांगायचं तर मी शोधून दमलो होतो, आणि तो माझ्याहून जास्त दमलेला दिसला.