सुनंदाची वही

"जल्दी ये. या खेपेला तिकीट मिळून राह्यलंय मला," सुनंदा फोनवर म्हणाली आणि मी पुण्याहून पहाटेची एसटी पकडली. सुनंदा माझी कॉलेजातली मैत्रीण, जाफराबादची निवृत्त शिक्षिका. पंचवीस वर्षं एकाच पक्षाच्या सभांना बाया जमवत आली. तिचा जिल्हा परिषदेचा गट यंदा महिलेसाठी राखीव झाला होता.

जालन्याहून पुढे काळीपिवळी (खच्चून भरल्याशिवाय न हलणारी जीप). दोन्ही बाजूंना फुटलेला कापूस पाहून मन प्रसन्न व्हायला हवं होतं, पण माझ्या मांडीवर कुणाची तरी कोंबडी होती. सुनंदाने ज्वारीची भाकरी आणि येसर (भाजलेल्या धान्या-मसाल्याच्या पिठाची आमटी) वाढलं. मग एक जाडजूड वही दाखवली. गटातलं घर अन् घर तिच्यात होतं. कुणाचा गुडघा दुखतो, कुणाची लेक माहेरी परतली, कुणाची पेन्शन अडली.

दुसऱ्या दिवशी जालन्यात मुलाखती होत्या. मस्तगडच्या एका बोळातलं पक्षाचं कार्यालय आता चकाचक झालंय. जिल्हाध्यक्षांशेजारी प्रचार सांभाळणाऱ्या कंपनीची मुलगी लॅपटॉप घेऊन बसली होती.

"फॉलोअर्स किती, ताई?"

"फॉलोअर न्हाईत बाई. हे हाय." सुनंदाने वही पुढे केली.

मुलीने दोन पानं वाचली आणि मोबाइलवर एकेका पानाचा फोटो काढायला लागली. "सर, हे सोनं आहे!" अध्यक्ष म्हणाले, "पक्ष बदलतोय, ताई. आता तुमच्यासारख्यांचेच दिवस." सुनंदा स्वतः पानं उलटून देत होती. राजकारणाला उठता-बसता नावं ठेवणारी मीसुद्धा खुळ्यासारखी खूश झाले.

तिसऱ्या दिवशी उमेदवारी जाहीर झाली. त्याच सकाळी दुसऱ्या पक्षातून आलेल्या पुढाऱ्याच्या सुनेला मिळाली. मी अध्यक्षांना तोंडाला येईल ते बोलत सुटले. सुनंदाने अंगण झाडलं, थोड्या वेळाने पुन्हा झाडलं. "गप गं," एवढंच म्हणाली.

आठवडाभर राहून मी निघाले. ती स्टँडवर सोडायला आली होती, तेवढ्यात एक म्हातारी लगबगीने आली.

"बाई, नव्या ताईचा फोन आल्ता! नाव घेऊन बोलल्या. गुडघा कसा हाय, इचारलं. इतक्या वर्सात कोन्या पार्टीनं इचारलं न्हाई. म्या तर त्यायलाच मत देनार."

उमेदवार झालेल्या त्या सुनेने म्हातारीला कधी पाहिलंसुद्धा नव्हतं. गुडघा वहीतला होता. मी तोंड उघडणार तोच सुनंदाने माझा दंड घट्ट धरला. "बराबर हाय, मावशी. द्या," ती म्हणाली. एसटीत बसल्यावर मला रडू आवरेना. पक्ष बदलत नाहीत, म्हणून आम्ही शहरातली माणसं कुरकुरतो. हा पक्ष बदलला होता. माणसांची विचारपूस करायला शिकला होता, आणि ते पाहून मला शिसारी आली.

पुण्यात पोचल्यावर मी तिला फोन केला.

"कार्यालयातून निरोप आल्ता," ती म्हणाली. "वही पुढं लिहीत राहा, दर महिन्याला पानं धाडा."

"तू काय सांगितलंस?"

"लिहून राह्यले."

"अगं, वेडी आहेस का तू?"

"मी न्हाई लिहिलं तर मंग त्या बायांची पेन्शन कुठं अडली, हे कोणाला कळणार गं?"

तिने जेवलीस का म्हणून विचारलं आणि फोन ठेवला.