सातव्या टीचे गप्पराव

मी दातांचा डॉक्टर. समोर बसलेल्या माणसाचं तोंड उघडं आणि बोलणं बंद, याची मला आयुष्यभराची सवय. त्यामुळे पन्नाशीनंतर गोल्फ खेळायला लागलो तेव्हा मागे कोणी नुसतं खाकरलं तरी माझं डोकं फिरायचं. फटका चुकला की चूक माझी कधीच नसायची. कोणीतरी शिंकलेलं असायचं, नाहीतर कोणाच्या तरी सायकलची घंटी वाजलेली असायची. आमच्या क्लबात माझ्याबरोबर खेळायला माणसं का मिळत नाहीत, हे मला फार उशिरा कळलं.

आमच्या मैदानातली सातवी टी, म्हणजे सातव्या होलचा पहिला फटका जिथून मारायचा तो छोटा चौथरा, एका पायवाटेला अगदी चिकटून आहे. वाट सगळ्यांची, मैदानापेक्षा जुनी. एका टोकाला वस्ती, दुसऱ्या टोकाला शाळा आणि बसथांबा, मध्ये कमरेएवढं कुंपण. दिवसभर माणसं जायची आणि जाता जाता आमच्यावर तोंडसुख घ्यायची. "काका, बॅट उलटी धरलीय!" "एवढा विचार तर मी लग्न करताना केला नव्हता हो!" एक जण तर मी काठी वर नेली रे नेली की म्हशीसारखा हंबरायचा. तो मला अजून सापडलेला नाही.

मी समितीकडे लेखी तक्रारी केल्या. एकूण चौदा. शेवटी माझा पिच्छा सोडवायला समितीने गवत कापणाऱ्या माळ्यांपैकी एकाला कायमचं तिथे उभं केलं. हातात दांड्याची गोल पाटी, तिच्यावर 'शांतता'. खेळाडू चेंडूशी उभा राहिला की पाटी वर आणि वाट बंद. फटका बसला की पाटी खाली आणि वाट मोकळी. आम्ही त्यांचं नाव ठेवलं गप्पराव. त्यांनी ते हसून लावून घेतलं.

गप्परावांनी कधी कोणावर डोळे वटारले नाहीत. म्हाताऱ्या माणसाची पिशवी ते न विचारता स्वतःच्या हातात घेत, म्हणजे तो आपोआप थांबे. शाळेतली पोरं आली की खाली वाकून त्यांच्या कानात काहीतरी कुजबुजत आणि सगळी कार्टी श्वास रोखून माझ्याकडे बघत राहत. मला वाटायचं, काय वचक आहे माणसाचा! पुढे कळलं, ते पोरांना सांगायचे, "आवाज करू नका, आता डॉक्टर बरोबर चुकणार बघा." माझी गंमत बघायला ती पोरं गप्प उभी राहायची.

एकच माणूस त्यांना गप्प करता येत नव्हता, आणि ती त्यांची बायको होती. शाळेत ती शिपाई. चारशे पोरं शिट्टीशिवाय रांगेत उभी करणारा तिचा आवाज. कामावर जाताना आणि घरी येताना ती याच वाटेने यायची आणि वळणावरूनच हाक मारायची, "अहो!" त्या 'अहो'च्या मागून काय येईल याचा नेम नसायचा. "अहो, किल्ली कुणाच्या खिशात गेली?" "अहो, डबा काय मी खाऊ?" एकदा माझी काठी अगदी वर असताना तिचं 'अहो' आलं आणि माझा चेंडू थेट तळ्यात गेला. मी तक्रार केली. पंधरावी. समितीने गप्परावांना बोलावून बजावलं, पुन्हा असं झालं तर कामावरून कमी करू.

दुसऱ्या दिवसापासून ती तोंडावर हात ठेवून त्या वाटेने जायला लागली. माझ्यासमोरून जाताना डोळे तेवढे हसत असत. नवऱ्याकडे बघायची, तो मान हलवायचा, ती पुढे जायची. मला अगदी युद्ध जिंकल्यासारखं वाटलं होतं. आता ते सांगतानाही लाज वाटते.

वर्षा-दोन वर्षांनी तिचा आवाज बसला. सगळ्यांनी चेष्टा केली. शाळेतल्या बाई म्हणाल्या, इतकी वर्षं ओरडलीस, घशाने राजीनामा दिला. गप्परावही मला म्हणाले, "घरात जरा निवांत वाटतंय बघा, साहेब." हे वाक्य त्यांना पुढे किती वेळा आठवलं असेल ते त्यांनाच ठाऊक. तीन महिने झाले तरी आवाज सुटेना, तेव्हा एक दिवस ते पाटी काखेत धरून माझ्याकडे आले. "साहेब, तुम्ही तोंडातलं बघता. जरा आणखी आत बघाल का?"

मी तिला माझ्या खुर्चीत बसवलं. घशातलं मला दिसण्यासारखं नव्हतं, पण मानेला हात लावला आणि बोटांना एक टणक गाठ लागली. चिठ्ठी लिहून मोठ्या इस्पितळात पाठवलं. तिथल्या डॉक्टरांनी आठवड्याभरात सांगितलं की स्वरयंत्र काढावं लागेल. जीव वाचेल, आवाज जाईल.

गप्परावांनी मला हे सातव्या टीवरच सांगितलं, सवयीने कुजबुजत. "डॉक्टर म्हणाले, काय बोलायचं ते आधी बोलून घ्या. आता काय बोलून घ्यायचं, साहेब? तीस वर्षं तीच बोलली, मी नुसतं ऐकलं." मग त्यांनी आपलं ठरलेलं सांगितलं. गुरुवारी दाखल करायचं, शुक्रवारी ऑपरेशन. गुरुवारी सकाळी क्लबात स्पर्धा, तेव्हा अख्खी रजा मिळाली नव्हती. पण दुपारी बारापासून ते मोकळे होते. "सगळी दुपार ठेवलीय. बोल म्हणणार तिला, बसक्या आवाजात का होईना, काय बोलायचं ते. शिव्या दे, किल्ल्या शोध, काहीही. मी बसून ऐकणार."

गुरुवारी सकाळी नऊच्या सुमाराला मी सातव्या टीवर होतो. माझा खेळ म्हणजे रेंगाळा खेळ. खरा फटका मारण्याआधी मी सहा-सात वेळा काठी हवेत फिरवून बघतो, वारा बघतो, गवत बघतो, पुन्हा मागे येतो. माझ्या मागचे खेळाडू तोवर घरची कामं उरकून येतील, असं क्लबात म्हणतात. मी चेंडूशी उभा राहिलो आणि गप्परावांनी पाटी वर केली. तेवढ्यात वळणावरून ती आली. बरोबर तिचा भाऊ, त्याच्या हातात कपड्यांची पिशवी. बसथांब्याकडे निघाले होते.

मला डोळ्याच्या कोपऱ्यातून सगळं दिसत होतं. ती पाटीपाशी थांबली. तोंडावरचा हात तिने काढला आणि ओठ उघडले. गप्परावांनी माझ्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे, आणि बोट वर केलं. एक मिनिट. ती थांबली. मी काठी बदलली. वारा पुन्हा पाहिला. एकदा मागे आलो. थांब्यावर बस येऊन उभी राहिली होती. भावाने तिचा दंड धरला. तिने पुन्हा तोंडावर हात ठेवला, दुसरा हात गप्परावांकडे हलवला, आणि दोघं भराभर चालत गेली.

मग मी फटका मारला. तो माझ्या आयुष्यातला सगळ्यात चांगला फटका होता. हे लिहायला नको वाटतं, पण खरं आहे. मी खुशीत गप्परावांकडे वळलो तर ते पाटी खाली करायची विसरून बसथांब्याकडे बघत होते. वाटेवर दहा-बारा माणसं मुकाट्याने ताटकळत उभी होती.

इस्पितळात पोचल्यावर दोन तासांत तिचा श्वास अडायला लागला. दुसऱ्या दिवसाची वाट बघण्यासारखी परिस्थिती राहिली नाही. तसंच आत घेतलं, आधी गळ्याला भोक पाडून नळी घातली आणि मग पुढचं सगळं. गप्पराव साडेबाराला धापा टाकत पोचले तेव्हा दार बंद झालेलं होतं. ऐकायला म्हणून ठेवलेली सगळी दुपार त्यांनी त्या दाराबाहेरच्या बाकावर काढली.

मला हे कळलं तेव्हा मी खेळणं सोडलं. तसा मी फार हळवा नाही, पण टीवर उभं राहवेना. सव्वा महिन्याने धीर करून त्यांच्या घरी गेलो. दोन खोल्या, बाहेरच्या खोलीत पलंग आणि शिलाई मशीन. ती मशीनपाशी बसली होती. गळ्याला पांढरं कापड, मांडीवर वही. बरी दिसत होती. मला बघून ओळखीचं हसली आणि चहा टाकायला उठली. गप्परावांनी तिला बसवलं आणि स्वतः चहा केला. घरात कपबशीचा आवाजही मोठा वाटत होता.

मी म्हणालो, "त्या दिवशी मी उगाच वेळ लावला."

"तुमचं काय चुकलं, साहेब?" गप्पराव म्हणाले. "पाटी माझ्या हातात होती. एवढे दिवस एकच विचार डोक्यात आहे. तिला काय सांगायचं होतं? काही राहून गेलं असेल. विचारायचा धीर होत नाही."

ती आमच्याकडे आळीपाळीने बघत होती. मला वाटलं, हा माणूस आयुष्यभर विचारणार नाही. मग मीच विचारलं. "वहिनी, त्या दिवशी वाटेवर तुम्ही काहीतरी बोलणार होता ना?"

तिने क्षणभर आठवलं आणि वहीत लिहिलं. लिहून वही माझ्याकडे दिली नाही, नवऱ्याकडे दिली. गप्परावांनी चष्मा शोधला नाही. हात लांब करून, ओठ हलवत वाचलं. पुन्हा वाचलं. मग वही माझ्यासमोर धरली.

'सांगायचं काहीच नव्हतं. नुसती हाक मारायची होती.'

गप्पराव तिच्याकडे बघत उभे राहिले.

"ओ," ते म्हणाले.

तिने मान वर केली. मग ते पुन्हा म्हणाले, या वेळी मोठ्याने, इतक्या मोठ्याने की शेजारच्या बाई दारात येऊन काय झालं म्हणून विचारायला लागल्या.