मडगार्डची आतली बाजू

सोनकांबळे मामा कुणाच्याही घरी गेले की आधी वस्तूंना हात लावत, माणसांशी नंतर बोलत. आमच्या निगडीच्या घरी पहिल्यांदा आले तेव्हा दारात चपला काढल्या, माझ्या बायकोला नमस्कार केला आणि पाण्याचा पेला हातात घ्यायच्या आधी लोखंडी कपाटाच्या दारावरून डावा तळहात सावकाश खाली नेला. डोळे मिटलेले होते. मग म्हणाले, "ताई, ह्याला जिन्यात लागलंय. बोटभर आत गेलतं. नंतर कुणीतरी आतनं ठोकून वर काढलंय, पण काढणाऱ्याला घाई होती." कपाट नवंकोरं म्हणून घेतलं होतं आणि पसंत मी केलं होतं. बायकोने माझ्याकडे जे पाहिलं ते अजून आठवतं.

हात डावाच का, असं मी एकदा विचारलं. "उजवा हातोडीचा झाला सायब. त्याला आता काही कळत नाही. डावा राखून ठेवलाय." राखून म्हणजे खरोखरच राखून. त्या हाताने ते भरलेली बादली उचलत नसत, दाराची कडीसुद्धा उजव्यानेच काढत.

चाकणच्या आमच्या कंपनीत मोटारींची दारं, बॉनेट असे पत्र्याचे भाग बनतात. मी तिथे क्वालिटीचा प्रमुख. म्हणजे दुसऱ्याच्या कामातल्या चुका शोधायचा पगार घेणारा माणूस, आणि खरं सांगायचं तर स्वभावही तसाच. प्रेसमधून निघालेल्या एखाद्या दारावर नखाएवढा खड्डा राहिला की माझी माणसं त्यावर लाल खूण करत आणि ते दार रीवर्कला, म्हणजे दुरुस्तीला, मामांच्या टेबलावर जाई. मामा आतून हातोडी आणि बाहेरून लोखंडी ठोकळा धरून तो खड्डा असा घालवत की लाल खूण पुसल्यावर ती कुठे होती हे माझ्या माणसांना सापडत नसे. "आपलं काम असं हाय सायब," ते म्हणत, "दिसलं की फसलं." मामा मूळचे उदगीरकडचे. इथे येऊन उभी हयात झाली तरी बोलणं तिकडचंच राहिलं होतं.

कंपनीत वर्षातून एकदा फॅमिली डे असतो. कामगारांच्या बायकामुलांना आत आणून मशिनं दाखवतात, पोरं रोबोटपुढे फोटो काढतात. पाहुण्यांना कुठल्या वाटेने न्यायचं ते मी आखत असे, आणि त्या दिवशी रीवर्कपुढे हिरवं कापड लावलेलं असे. सदोष माल कोण मिरवतं? एका वर्षी मामा मामींना घेऊन आले होते. तेव्हा मामींना थोडंफार दिसायचं. सगळा फेरा झाल्यावर त्यांनी विचारलं, "आन् तुम्ही कुठं बसताव?" मामांनी कापडाकडे बोट केलं. "त्याच्या माघं." मामी हसल्या. मीही हसलो. पुढे शुगरने मामींचे डोळे नेले. उजेड आणि अंधार एवढाच फरक कळायचा. नवऱ्याचं काम पाहायचं राहिलं ते राहिलंच.

मामा रिटायर झाले आणि मी माझ्या वडिलांची गाडी काढली. घरात तिला नुसतं 'मोठी गाडी' म्हणत. गोल दिव्यांची, ऐटीत पुढे आलेल्या मडगार्डची ती विलायती गाडी अंगणात ताडपत्रीखाली वर्षानुवर्षं कुजत होती. वडील गेल्यापासून ती नीट करायची हे माझं चाललं होतं, आणि नीट म्हणजे अशी की जुन्या गाड्यांच्या त्या मोठ्या प्रदर्शनात उभी राहिली पाहिजे. तिथे नुसती गाडी असून चालत नाही. आधी फोटो पाठवायचे, मग बोलावणं यायचं. राजेरजवाड्यांच्या गाड्या येतात, परीक्षक परदेशातून येतात, हिरवळीवर आडवे होऊन आरशाने गाडीचं पोट तपासतात. मामांनी गाडीभोवती एक चक्कर मारली, सगळीकडून डावा हात फिरवला आणि म्हणाले, "बाई चांगली हाय. आबाळ झालीय."

सव्वा वर्ष ते चिखलीहून दोन बस बदलून येत होते. कामाला बसले की बोलायचे नाहीत. चहाला उठले की मात्र थांबायचे नाहीत. खड्डा ठोकून काढायच्या ऐवजी पुट्टीने भरणं म्हणजे त्यांच्या लेखी पापच. "पुट्टी लावणं म्हणजे पत्र्याला न विचारता त्याच्या वतीनं बोलणं." मी मधेमधे तपासायला जायचो. जन्माची खोड. एकदा म्हणालो, "मामा, इथे अर्धा मिलिमीटर असेल हं." ते शांतपणे म्हणाले, "असू द्या. तुमच्या बापाचा हात टेकायचा तिथं रोज. ते लागलेलं नाही, झिजलंय. झिजलेलं काढायचं नसतंय."

सगळ्यात वाईट होता पुढचा डावा मडगार्ड. गंजून त्याची चाळण झाली होती. मामांनी खालचा अर्धा भाग कापून टाकला, सपाट पत्रा घेतला, वाळूच्या पिशवीवर लाकडी हातोड्याने बडवत त्याला गोलाई दिली, जोडला आणि पुन्हा तीन महिने ठोकत बसले. बाहेरून तो असा झाला की उजव्या, कारखान्यातून आलेल्या मडगार्डशेजारी ठेवून मलाही ओळखता आला नाही. आतून मात्र हातोडीच्या हजारो खुणा होत्या. बारीक, एकीला लागून एक. मी म्हटलं, हे आतलं घासून घेऊ. मामा पहिल्यांदाच माझ्यावर आवाज चढवून बोलले. "नाही सायब. भाकरीवर बोटं उठत्यात का नाही? त्याच्यावरनं कळतंय ती कुणाच्या हातची हाय. कँटीनच्या मशिनीतल्या चपातीला काय असतंय? बाहेरनं ही गाडी तुमची. आतनं एवढं माझं राहू द्या." आणि मग जरा ओशाळून म्हणाले, "आमच्या घरी सांगितलोय मी. तुझ्या भाकरीवानी लागतंय म्हणलं. तिला एकदा हात लावू द्या तेवढा."

मी म्हणालो, प्रदर्शनाला मामींना घेऊनच या.

बोलावणं आलं आणि माझी झोप उडाली. गाड्यांतला एक जाणकार म्हणवणारा गृहस्थ घरी येऊन गाडी पाहून गेला. त्याने मडगार्डखाली बॅटरी मारली आणि तोंड वाकडं केलं. "इथे गुण जातील. परीक्षक पहिलं इथेच बघतात." एवढं पुरलं. वीस वर्षं आतल्या बाजूला ओरखडा दिसला तरी मी माल परत पाठवत आलो होतो. मी परदेशातून तसाच तयार मडगार्ड मागवला, दुसऱ्या गॅरेजात रंगवून बसवून घेतला आणि मामांचा काढून जुन्या चादरीत गुंडाळून माळ्यावर टाकला. मामांना सांगायला हवं होतं. उद्या सांगू, परवा सांगू असं करता करता प्रदर्शनाचा दिवस आला. मनात असंही होतं की ते येतील, लांबून बघतील, मडगार्डखाली कोण हात घालतंय? असा विचार मी मामांबद्दल केला. मामांबद्दल!

परीक्षक सकाळीच येऊन गेले होते. अकराच्या सुमाराला मामा आणि मामी हिरवळीवरून येताना दिसले. मामांचा शर्ट इस्त्रीचा, घडीवरच्या रेघा मोडायच्या राहिलेल्या. मामी निळ्या काठाच्या पांढऱ्या पातळात, मामांचा दंड धरून. चहूकडे टोप्या, गॉगल, कॅमेरे होते. मामी त्यातून असं चालत होत्या की सगळं त्यांच्यासाठीच मांडलंय. मामा त्यांना वाटेतल्या गाड्यांचे रंग सांगत होते. आमच्या गाडीपाशी आल्यावर म्हणाले, "ही आपली."

आपली म्हणाले. मला त्याचा राग आला नाही, पण आजूबाजूला कुणी ऐकलं का हे मी पाहिलं. तेही लिहून ठेवतो.

बॉनेटवरून, दारावरून मामींचा हात फिरवून झाला. मग मामा गुडघे टेकून डाव्या मडगार्डपाशी बसले, मामींना शेजारी बसवलं आणि त्यांचा हात धरून आत नेला. स्वतःचा डावा हातही शेजारी टेकला. आणि थांबले.

तेवढंच लागलं त्यांना. त्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. चेहऱ्यावर राग नव्हता. काहीतरी विचारत होते आणि मी उत्तर देईन याची वाट पाहत होते. बोलायला भरपूर वेळ होता. 'मामा, मी बदलला, चूक झाली,' एवढंच म्हणायचं होतं. मी माझ्या गळ्यातलं प्रदर्शनाचं ओळखपत्र सरळ केलं.

"इथं तर काहीच लागंना," मामी म्हणाल्या. त्यांची बोटं पत्र्यावर इकडेतिकडे शोधत होती. "भाकरीवानी लागतंय म्हणलाव होतं की."

मामा म्हणाले, "मागनं घासून काढलो. सायबांला साफ पाहिजे होतं."

"समदं?"

"समदं. महिना गेला."

मामींनी पुन्हा एकदा सावकाश हात फिरवला. "काचेवानी केलंय," त्या म्हणाल्या. त्यांचा चेहरा उजळला होता. मग आवाजाच्या अंदाजाने माझ्याकडे वळून म्हणाल्या, "लई झिजला ओ माणूस ह्याच्यापायी." आणि मी काय म्हणालो असेन? मी म्हणालो, "मामांनी जीव ओतलाय, मामी."

बस चुकेल म्हणून ते जेवायला थांबले नाहीत. दुपारी आमच्या गटातलं पहिलं बक्षीस गाडीला मिळालं. फोटोत मी हसतो आहे.

आठ दिवस कसेबसे काढून मी चिखलीला गेलो. मामांनी मला दारातूनच बाहेर वळवलं, कोपऱ्यावरच्या चहाच्या टपरीवर नेलं. माझं माफीचं भाषण त्यांनी अर्ध्यावर थांबवलं. "सायब, बदललाव त्याचं काही नाही. गाडी तुमची. माझं काम दिसू नये म्हणूनच मी जन्मभर पगार घेतलो, त्याचं मला काय नवं? पण तुम्ही तिथं उभे होताव. तुम्ही बोलला असताव तर मला बोलायची पाळी आली नसती." चहाचा ग्लास त्यांनी बाकड्यावर ठेवला. "तिला दिसत नाही. मी सांगतो तेवढंच तिला दिसतंय. म्हणून आजवर एक शब्द खोटा सांगितलो नव्हतो."

"मी आत्ता आत जाऊन सांगतो त्यांना," मी म्हणालो.

"आता नका. आता सांगून तुम्ही मोकळे व्हताव. मी खोटा ठरतो." मग म्हणाले, "लई खूश हाय ती. राहू द्या."

त्यानंतर मामा आमच्याकडे आले नाहीत. भांडण नव्हतं, फोन केला की बोलायचे, माझ्या मुलीच्या परीक्षेचं विचारायचे. मी माळ्यावरचा मडगार्ड काढला, बाहेरून रंगवला, आतून तसाच ठेवला आणि गाडीला पुन्हा बसवून घेतला. हे मी फोनवर सांगितलं तेव्हा ते "बरं केलाव" म्हणाले. येऊन बघा म्हटल्यावर "येतो की" म्हणाले. पुढे पोटाचं दुखणं निघालं आणि दोन महिन्यांत मामा गेले. दवाखान्यात मी दोनदा गेलो. दुसऱ्यांदा ते ग्लानीत होते आणि त्यांचा डावा हात पलंगाच्या लोखंडी कडेवर हळूहळू मागेपुढे होत होता.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी चिखलीच्या त्या दोन खोल्यांत माणसं मावत नव्हती. भन्तेजींचं वंदन झालं, दोघांतिघांनी मामांबद्दल चार शब्द सांगितले. कंपनीतले लोक काय सांगणार? शिस्तीचे होते, वेळेवर यायचे. मग मामींनी बसल्या जागेवरूनच बोलायला सुरुवात केली. आपण एवढ्या मोठ्या प्रदर्शनात गेलो होतो, तिथे ह्यांची गाडी होती, पहिली आली. "मला म्हणले होते आतनं भाकरीवानी लागंल. आन् हात घालून बघते तर काचेवानी! मला न सांगता घासून काढलं होतं. असा माणूस होता. सायब आलेत का? विचारा सायबांला."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी "हो मामी" म्हणालो. खोली भरून माणसांनी ते ऐकलं, आणि मामा गेल्यावर त्यांच्या कामाची साक्ष म्हणून जे नोंदलं गेलं ते हे.

निघताना मी पायांना हात लावायला वाकलो तर मामींनी माझा हात धरून ठेवला. "सायब, एक मागू का? मला एकदा त्या गाडीपाशी न्या. दुसरं काही नको. ते आतलं तेवढं परत हातानं बघते. त्यांचं म्हणून माझ्यापाशी दुसरं काय हाय?"

गाडीला आता मामांचाच मडगार्ड आहे. त्यांच्या हातोडीची एक ना एक खूण तिथे शाबूत आहे. जगात ज्या एका बाईने त्यावरून हात फिरवायला हवा, तिने फिरवला की त्याच क्षणी तिला कळणार आहे की नवरा तिच्याशी खोटं बोलला होता. परदेशातून आणलेला गुळगुळीत पुन्हा बसवावा, तर त्यांचं म्हणून ती ज्याला हात लावेल त्यात त्यांचं काहीच नसेल.

"नेतो मामी," मी म्हणालो.

ह्या गोष्टीला सात महिने झाले. मामींचा दर पंधरवड्याला फोन येतो. गाडीचं काम निघालंय, असं मी सांगतो.