कमी असू शकलं असतं

बोलण्यात कंजुषी करणे डच मुलखाच्या दक्षिण टोकाला, लिम्बर्गमध्ये राहणाऱ्या लोकांना पाप वाटते. देवाने जीभ दिली ती स्तुतीसाठी. मग ती स्तुती प्रभूची असो, शेजारणीच्या टोपीची असो, की ताज्या पावाची. त्या मुलखातला बेकरीवाला श्येंग हुप्पर्ट्स तर स्तुतीची वाहती गंगाच. जर्दाळू भरलेली, जाळीदार झाकणाची त्याची गोड पोळी, म्हणजे तिकडची फ्लाय, भट्टीतून निघाली की तो तिला 'महाराणी' म्हणे, आणि गिऱ्हाइकाने नुसते 'चांगली आहे' म्हटले तर काहीतरी करपले असावे अशी त्याला शंका येई.

अशा माणसाला ऐन तारुण्यात अंडकोषाचा कर्करोग झाला. आईने गावात 'पोटाचा विकार' असे सांगितले. श्येंगने दुकानात उभ्या असलेल्या प्रत्येकाला नेमकी जागा सांगितली, आणि मेणबत्ती कुठल्या अवयवासाठी लावायची तेही पाद्रीबाबांना समजावून दिले. हसवता हसवता तो खंगत चालला. रोग छातीपर्यंत चढला, आणि त्या काळी तो तिथवर चढला की पोरे वर्ष काढत नसत. मग कळले, की देशाच्या पार उत्तरेला, ग्रोनिंगनला, एक डॉक्टर प्लॅटिनमपासून केलेले नवे औषध देतात, आणि त्यांच्याकडची काही पोरे आपल्या पायांनी घरी परततात.

निघताना श्येंगने फीनला, म्हणजे त्याच्या वाग्दत्त वधूला, शब्द दिला: डॉक्टर 'बरा झालास' म्हणाले तर ईस्टरनंतर लग्न, न म्हणाले तर तू मोकळी. फीनला हा करार मुळीच मान्य नव्हता, पण तोवर गाडी सुटली होती.

डॉक्टर हार्म विर्समा ग्रोनिंगनच्या चिकण मातीतले. त्या मातीत बटाटा उगवतो, बीट उगवते. विशेषण उगवत नाही. सकाळी येत, नाडी पाहत, मान हलवत, जात. औषध मोठे भयंकर. अन्न ठरेना, केस गळाले, भुवया गळाल्या. श्येंगची जीभ तेवढी शाबूत राहिली. सोन्याची अंगठी घालणारे नवरे गावात पुष्कळ आहेत, पण अंगात प्लॅटिनम भरलेला मी एकटाच, असे तो परिचारिकांना सांगे. त्या हसत. डॉक्टर हसत नसत, पण रविवारची प्रार्थना आटोपली की घरी न जाता याच पोरांच्या खाटांपाशी येत.

अखेर निकालाचा दिवस आला. डॉक्टरांनी छातीचा फोटो खिडकीच्या उजेडात धरला. पाहिला. पुन्हा पाहिला. श्येंग मनातल्या मनात सगळ्या संतांना एकेक करून उठवत होता. मग डॉक्टर म्हणाले, "कमी असू शकलं असतं." त्यांनी त्याचा हात हाती घेतला, जरा जास्त वेळ धरून ठेवला, आणि तोंड खिडकीकडे वळवले.

श्येंगला सारे उमगले. कमी असू शकले असते, म्हणजे कमी नाही. रोग उरला आहे, आणि त्या भल्या माणसाला आपल्याकडे पाहवत नाही. तो फोनपाशी गेला आणि आयुष्यात पहिल्यांदाच थोडक्यात बोलला. फीनला म्हणाला, गावातल्या खाटकाचा मुलगा वाईट नाही, त्याचा विचार कर.

फीनने खाटकाच्या मुलाचा विचार केला नाही. ती पहिल्या गाडीने आली, खाटेवर पडलेल्या श्येंगला दंडाला धरून उठवले, आणि वाटभर असा दम भरला की परिचारिका दारे उघडून ऐकू लागल्या. डॉक्टरांच्या टेबलासमोर येऊन ती थांबली.

"डॉक्टर, किती कमी असायला हवं होतं?"

"काय?"

"रोग. याला म्हणालात ना, कमी असू शकलं असतं."

डॉक्टर गोंधळले. "रोग नाहीच. काही उरलेलं नाही. म्हणून तर तसं म्हणालो."

"काही उरलंच नाही, तर आणखी कमी काय व्हायचं होतं?"

"बाई, कमी चांगलं असू शकलं असतं, असा त्याचा अर्थ. याच्या वरचा शब्द आमच्याकडे नाही. घरात मूल जन्मलं की आम्ही हेच म्हणतो. मी बायकोला मागणी घातली, तेव्हा तीही हेच म्हणाली."

"आणि तरी तुम्ही लग्न केलंत?"

"त्या दिवशी ती जरा वाहवत गेली होती," डॉक्टर संकोचून म्हणाले.

फीन खुर्चीत बसली. रविवारी पाद्रीबाबा चर्चमध्ये लग्नाची घोषणा करणार आहेत, ती म्हणाली. त्यांना कळेल अशा भाषेत सांगा. डॉक्टर पुन्हा खिडकीकडे वळले.

"'बरा' हा शब्द एकदा उच्चारला होता," ते म्हणाले. "एका पोरापुढे. वसंतात तो गेला. त्याची आई मला काही बोलली नाही. बोलली असती तर बरं होतं."

मग फीनने मवाळपणे विचारले, "हा जाईल असं वाटतं?"

"नाही."

"मग म्हणा की हो."

गंजलेला कडीकोयंडा निघावा तसे ते शब्द निघाले. "बरा झाला आहे."

शब्दांच्या त्या सावकाराकडे, श्येंगकडे, तेव्हा एकही शब्द नव्हता. त्याने डॉक्टरांच्या दोन्ही गालांचे मुके घेतले. ग्रोनिंगनमध्ये असे कोणी कोणाला करत नाही. डॉक्टर बीटासारखे लाल झाले आणि काहीतरी शोधायला कपाटामागे गेले, ते बराच वेळ आलेच नाहीत.

लग्न झाले, मुली झाल्या, भट्टी धगधगत राहिली. श्येंग दरवर्षी तपासणीला उत्तरेला जाई. औषधाची कीर्ती तोवर देशोदेशी पोचली होती, आणि ते शिकायला तरुण डॉक्टर विर्समांकडे येत. मात्रा शिकत, नळ्या शिकत. पण भगवंताने रोग नेला तरी भय मागे ठेवलेले असते, आणि त्या भयाचे औषध बाटलीत मिळत नाही. तेही विर्समांना शिकवावे लागे. एका वर्षी श्येंग दाराबाहेरच्या बाकावर मांडीवर फ्लाय घेऊन बसला होता. आत उत्तरेकडचाच एक नवखा डॉक्टर एका कोळ्याला फोटो दाखवत होता, घसा खाकरत होता, हवेबद्दल बोलत होता. दारात म्हातारे विर्समा हाताची घडी घालून उभे होते. निघण्याची वेळ होऊन गेली होती, कोट अंगावर चढला होता, पण 'बरा झालास' हे दोन शब्द उच्चारले जाईपर्यंत ते दारातून हलले नाहीत.