डाव्या दिव्यामागं

रस्त्यावरची गाडी वळणाआड जायच्या आत तिचं नाव आणि साल सांगता आलं नाही, तर गुंडामामाला जेवण गोड लागत नसे. पलटणीत गाड्या दुरुस्त करून तो कोरेगावला परतला, तरी ही खोड सुटली नाही.

औंधला त्याच्या भाचीचं, रेश्माचं लग्न होतं. मुलाकडच्यांनी वरातीला जुनी अमेरिकन शेवरोले आणली होती आणि फुलांच्या जाळ्यांनी ती इतकी मढवली होती, की मागच्या दोन दिव्यांखेरीज काही दिसत नव्हतं. पंचावन्नची का छप्पनची? मामाचं बूड मांडवात टेकेना. सारखा उठून गाडीला फेरी मारून येई.

"आवं, मुहूर्त जवळ आलाय. आता गप बसा की," त्याची बायको शालूबाई करवादली.

"आलोच," म्हणून तो पुन्हा सटकला. छप्पनच्या गाडीत पेट्रोलचं झाकण डाव्या दिव्यामागं दडवलेलं असतं, हे त्याला आत्ता कुठं आठवलं होतं. ड्रायव्हर चहाला गेलेला. खिशातला मोबाइल थरथरत होता, पण मामाला त्याचं भान नव्हतं. त्यानं दिव्यावरचा खटका पिरगळला, तसा दिवा अलगद मागं कलला. आत झाकण होतं. छप्पनच.

तेवढ्यात मांडवात वाजंत्री कडाडली. तो धावत पोचला तेव्हा अक्षता पडून गेल्या होत्या. नवरीला बोहल्यावर आणायचा मान मामाचा. पण भटजींनी पुकारूनही तो सापडेना, म्हणून तिला नवऱ्या मुलाच्याच मामानं आणलं होतं.

रेश्मानं हारातनं मान वर केली. "मग मामा, कुठल्या सालची निघाली?"

मामाला साल सांगवेना.