टबातल्या माशाबद्दल मला सांगितलं होतं

माझी मुलगी पुण्यात एम.ए. करते. तिच्या प्रबंधाचा विषय चेक कविता आणि कथा. या विषयाकडे आपण वडिलांमुळे वळलो, असं ती सगळ्यांना सांगते. गेल्या हिवाळ्यात ती इकडे सौदीत, जुबैलला घरी आली तेव्हा शेवटचं प्रकरण लिहायचं राहिलं होतं. इकामा, म्हणजे इथला राहण्याचा परवाना, टिकवायचा तर तिला मधूनमधून यावंच लागतं. पण या वेळी तिला स्वतःलाच यायचं होतं, कारण त्या प्रकरणात थोडासा मीही होतो.

मी रास अल खैरच्या एका कारखान्यात कागदपत्रं सांभाळतो. यंत्रांच्या नकाशांच्या आवृत्त्या निघत राहतात. जुनी आवृत्ती कुणाच्या हाती जाऊ नये, नवी वेळेवर पोचावी, एवढंच माझं काम. पहाटे कंपनीची बस येते, संध्याकाळी सोडते. काम मला आवडतं. मी एके काळी कवितेचा अभ्यास करायचो हे बसमधल्या कुणाला माहीत नाही. माहीत झालं असतं तर त्यांनी मला शेर म्हणायला लावले असते.

तर ती दुपारी जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडून बसायची आणि मी सुट्टीच्या दिवशी तिच्या समोर वर्तमानपत्र धरून बसायचो. लहानपणी ती आमच्याशी इंग्रजीत नाहीतर हिंदीत बोलायची. पुण्यात गेल्यापासून तिचं मराठी माझ्यापेक्षा चांगलं झालंय. चेक भाषाही ती दोन वर्षं शिकतेय, आठवड्यातून दोनदा, पडद्यावर. मधेच एखादं वाक्य मोठ्याने वाचायची आणि आतून तिची आई म्हणायची, "कोणाशी भांडतेस गं?" इतके सुखाचे दिवस आमच्या घरात बऱ्याच वर्षांनी आले होते.

एका गुरुवारी संध्याकाळी तिने मला सात पानं वाचायला दिली. चुका काढायच्या होत्या. तिसऱ्या पानावर माझा जुना लेख आला.

त्या लेखाबद्दल सांगायला हवं. पंचवीसेक वर्षांपूर्वी मी विद्यापीठात एम.फिल. करत होतो. ग्रंथालयात एका परदेशी पाहुण्या प्राध्यापकाने मागे ठेवलेलं कपाट होतं, त्यात चेक पुस्तकांचे इंग्रजी अनुवाद. रत्नागिरीच्या किनाऱ्यावरून आलेल्या, वसतिगृहातल्या खाटेवर दिवस काढणाऱ्या मला ती पुस्तकं का आवडली, ते आज नीट सांगता येणार नाही. बहुतेक एवढंच, की ती दुसऱ्या कुणी मागत नव्हतं. वाचता वाचता माझ्या लक्षात आलं की एका कवितेत न्हाणीघरातल्या टबात एक जिवंत मासा पोहतो आहे. घरातली मुलं त्याला नाव ठेवतात, बापाला आंघोळ करता येत नाही, आणि तरी कुणी तक्रार करत नाही. मग एका कथेत तसाच मासा आला. मग दुसऱ्या कथेत.

माझ्या अंगावर काटा आला. तीन निरनिराळे लेखक, आणि तोच मासा. टब मी तोवर फक्त सिनेमात पाहिला होता. आणि मासा आमच्या घरी यायचा तो टोपलीतून, मेलेला, डोक्यावर बर्फ घेऊन. घरात मासा पोहतो हे खरं असू शकतं, असं माझ्या मनातही आलं नाही. मी ठरवून टाकलं की ही प्रतिमा आहे. ज्या देशात मोकळं बोलता येत नव्हतं, त्या देशाचं मन म्हणजे टबातला मासा: जिवंत, पण चार हात पाण्यात. चाळीस पानं लिहिली. आमच्या सरांनी ती वाचून मला केबिनमध्ये बोलावून चहा पाजला. सर कुणालाही चहा पाजत नसत.

सगळ्यांसमोर ते प्रकरण वाचायचं होतं, त्याच्या दोन दिवस आधी माझ्या वर्गातल्या एका मुलीने मला कँटीनमध्ये गाठलं. ती सोलापूरची. तिचाही विषय चेक कथाच होता. कपाटाची चावी आम्ही दोघं आलटून पालटून घ्यायचो. तिने मुंबईत सून म्हणून आलेल्या एका चेक बाईंना पत्र लिहून ढीगभर शंका विचारल्या होत्या, आणि त्यांचं उत्तर आलं होतं. निळ्या आंतरदेशीय पत्रावर गोल, मोठं अक्षर. तिने ते माझ्यासमोर ठेवलं. लिहिलं होतं की नाताळच्या आधी काही दिवस त्यांच्याकडे रस्त्यारस्त्यावर पिंपांतून जिवंत मासे विकायला येतात, तळ्यातले, आपल्या रोहूसारखे. लोक एक घरी आणतात आणि चिखलाचा वास जावा म्हणून टबात सोडतात. मुलं त्याला नाव ठेवतात. नाताळच्या आदल्या संध्याकाळी बाप त्याला मारतो आणि आई तळते. घरोघरी.

"म्हटलं वाचायच्या आधी तुला कळावं," ती म्हणाली. "नंतर कुणी विचारलं तर पंचाईत व्हायची."

ती माझ्या भल्यासाठी आली होती. मला ते तेव्हाही कळत होतं. मी पत्र दोनदा वाचलं, परत दिलं आणि म्हणालो की तीस वर्षं मुंबईत राहिलेल्या बाईला कवितेतलं काय कळणार. तिने पत्राची घडी घालून पिशवीत ठेवली.

सेमिनारला मी सगळं प्रकरण जसंच्या तसं वाचलं. शेवटी ती उठली. भांडायला नाही. टबात मासा ठेवायची तिकडे प्रथा असावी, हे लक्षात घेतलं तर अर्थ थोडा बदलेल का, इतकंच तिने विचारलं. पत्राचं नावसुद्धा काढलं नाही; तेवढी संधी तिने मला ठेवली होती. आणि मी म्हणालो, "बाई, तुम्ही पाककृती वाचताय. मी कविता वाचतोय."

सगळे हसले. सरही हसले. ती खाली बसली. पुढच्या सहामाहीत तिने विषय बदलला, आणि कपाटाची चावी कायमची माझ्याकडे आली. लेख एका त्रैमासिकात छापून आला. मी पीएच.डी.ला नाव घातलं, ती झाली नाही, मग एका चुलत्याच्या ओळखीने व्हिसा आला आणि मी इकडे आलो. त्रैमासिकाचा तो अंक बॅगेत होता. मुलीला तो चौदाव्या वर्षी सापडला.

आता तिच्या तिसऱ्या पानावर हे सगळं होतं, फक्त माझ्या बाजूने फार चांगलं होऊन. प्रथा तिला अर्थातच ठाऊक होती. तिला चेक शिकवणाऱ्या बाईंनी पहिल्याच डिसेंबरात टबातल्या माशांचे फोटो दाखवले होते. माझी चूक तिला पहिल्या वर्षीच कळली होती आणि मला वाईट वाटेल म्हणून ती दोन वर्षं गप्प होती. आता तिने ती चूक किती मायेने मांडली होती. अनुवादावर विसंबून राहणाऱ्या दूरच्या वाचकाच्या हाती काय लागतं आणि काय निसटतं, याचं उदाहरण म्हणून माझा लेख घेतला होता. आणि पुढे लिहिलं होतं की त्या काळात भारतात बसून ही प्रथा कळण्याचा कोणताही मार्ग अभ्यासकाला उपलब्ध नव्हता.

मी पानं परत दिली. स्वल्पविरामाच्या दोन चुका दाखवल्या.

"राग आला का, अब्बा?" तिने विचारलं.

मी म्हणालो, छान लिहिलंयस.

प्रबंध येत्या रविवारी रात्रीपर्यंत पाठवायचा होता. माझी चूक जगाला कळेल याचं मला काही वाटत नव्हतं. ती तर छापलेलीच होती. पण त्या एका वाक्यात मला क्षमा मिळत होती आणि सोलापूरच्या मुलीने पत्र लिहिलंच नाही, असं ठरत होतं. ते वाक्य खोटं होतं, ते माझ्या मुलीच्या नावावर जाणार होतं, आणि खोटं आहे हे घरात फक्त मला माहीत होतं. दुसरीकडे, ज्या माणसामुळे तिने हा विषय घेतला तो माणूस कसा होता, हे तिला सांगायचं होतं. माझी जीभ रेटत नव्हती.

शुक्रवारी जेवताना विषय माशावर आला. मुलीने आईला ती प्रथा सांगितली आणि अब्बांना त्यातून केवढा अर्थ दिसला होता, तेही सांगितलं. माझी बायको रायगडची. तिने शांतपणे माशाचा काटा काढून ताटाच्या कडेला ठेवला.

"त्यात काय अर्थ काढायचा?" ती म्हणाली. "आपण नाय खेकडे ठेवत बादलीत रात्रभर?"

मुलगी इतकी हसली की तिला ठसका लागला. मीही हसलो. पण मला खरंच धक्का बसला होता. खेकडे. लहानपणी आमच्या मोरीत बादलीवर पाट ठेवलेला असायचा आणि आतून खरवडल्याचा आवाज यायचा. ते मला आठवायला एका पत्राचीही गरज नव्हती.

संध्याकाळी बायकोला कपड्यांच्या दुकानात सोडून मी आणि मुलगी गाडीत थांबलो होतो. समोर समुद्र, पोरं पतंग उडवत होती. बायकोला तासभर तरी लागणार होता. मी स्टिअरिंगवर हात ठेवून, समोर बघत, सगळं सांगितलं. पत्र, कँटीन, तो सेमिनार. मी काय म्हणालो तेही, शब्दाला शब्द.

मुलगी माझ्याकडे वळली. मग म्हणाली, "म्हणजे तुम्हाला माहीत होतं."

"हो."

"वाचायच्या आधी."

"दोन दिवस आधी."

तिने काच खाली केली. "मी सगळ्यांना सांगत आले, माझ्या वडिलांना कुणी शिकवलं नाही, कुणी मदत केली नाही, त्यांनी एकट्याने केलं. आणि तिथे एक बाई होती जी बरोबर होती."

  तिने विचारलं की त्या आता कुठे असतात. मला माहीत नाही, असं मी म्हणणार होतो, पण तेही खोटं ठरलं असतं. आमच्या जुन्या वर्गाचा एक गट फोनवर आहे. त्यात तीही आहे. मी तिथे फक्त ईदच्या आणि दिवाळीच्या शुभेच्छा टाकतो.

"मग फोन करा," मुलगी म्हणाली. "तुमच्यासाठी नाही. त्यांना विचारल्याशिवाय मी त्यांच्या पत्राबद्दल लिहू शकत नाही."

शनिवारी सकाळी केला. मुलगी शेजारी बसून होती, मी पळून जाईन म्हणून की काय. मी नाव सांगितलं आणि तुम्ही कशा आहात, असं विचारलं.

"अरे वा," पलीकडून आवाज आला. "अहो-जाहो कधीपासून? सौदीत शिकवतात का?"

आवाज तोच होता, थोडा जाड झालेला. ती एका कॉलेजात शिकवते, निवृत्तीला थोडी वर्षं आहेत. मी पाठ केल्यासारखं सगळं बोलून टाकलं. मध्ये तिने एकदाही अडवलं नाही. शेवटी मी माफी मागितली.

"मला वाटायचं, तू विसरला असशील," ती म्हणाली. "मी नाही विसरले. पुढे दोन वर्षं मी कुठल्याही सेमिनारला तोंड उघडलं नाही. आता माझ्या वर्गात कुणी असं हसलं तर मी तास थांबवते. तर ते तसं आहे."

मी हो म्हणालो.

"माफीचं बघू. सवड मिळाली की करीन. पत्र काही माझ्याकडे नाही रे, घरं बदलताना गेलं. पण त्या बाईंना मी पुढे भेटायला गेले होते, नाताळात. मासा खाल्ला मी त्यांच्याकडे. बराच काटेरी असतो." मग म्हणाली, "मुलीला दे फोन. तिच्या प्रबंधात मी येणार असेन तर मला आधी वाचायचाय."

मुलीने फोन घेतला आणि आतल्या खोलीत गेली. दार लोटलं. मी चहा टाकला, तो निवला, परत गरम केला. बायकोने विचारलं, कोण आहे एवढा वेळ? मी म्हणालो, माझ्या वर्गातली. तिने माझ्याकडे पाहिलं आणि चहाखालचा गॅस बंद केला. रात्री तिलाही सगळं सांगितलं. ती म्हणाली, एवढी वर्षं पोटात ठेवलंत, म्हणून तुम्हाला ॲसिडिटी.

रविवारी संध्याकाळी मी कामावरून आल्यावर मुलीने लॅपटॉप माझ्याकडे वळवला. जुनं वाक्य गेलं होतं. त्याच्या जागी परिच्छेद होता: एका सहाध्यायिनीने पत्राने माहिती मिळवली होती, ती लेखकाला दाखवली होती, आणि तिच्या परवानगीने इथे नोंदवली आहे. खाली तळटिपेत तिचं पूर्ण नाव. पुढच्या वाक्याचं क्रियापद मात्र मोकळं सोडलं होतं.

"दोन लिहून बघितली," ती म्हणाली. "लेखकाने ती 'विचारात घेतली नाही', किंवा 'धुडकावली'. प्रोफेसरांना पहिलं आवडेल. तुम्ही सांगा."

"दुसरं."

"नक्की? यावर तुमचं नाव आहे. तळटिपेत सगळं आडनावासकट."

मी म्हणालो, म्हणूनच.

तिने टाइप केलं. मग वर-खाली करून पाहिलं आणि कपाळाला हात लावला, कारण प्रकरण आता ठरलेल्या मर्यादेच्या चार ओळी बाहेर गेलं होतं. कुठे कापायचं ते आम्ही दोघं मिळून शोधायला लागलो. तिने माझ्या लेखाच्या कौतुकातल्या दोन ओळी आधी काढल्या, मला न विचारता. उरलेल्या दोन कुठे मिळतात ते बघायला मी चष्मा लावून खुर्ची तिच्याजवळ ओढली.