वायर उपटणारे रावजी

पहिल्याच भेटीत रावजींनी माझी वायर उपटली. कुंभकोणमच्या ऑफिसातून मी पुण्याच्या साहेबांना व्हिडिओ कॉलवर छातीठोकपणे सांगत होते, "इथे दोन लाइनी आहेत. एक गेली तर दुसरी आपोआप सुरू होते." तेवढ्यात पडदा गोठला. वळून पाहते तर कपाळाला गंध लावलेले, पंचावन्नच्या आसपासचे एक गृहस्थ निळी वायर हातात धरून उभे. "दुसरी सुरू झाली नाहीं, अम्मा," ते शांतपणे म्हणाले. एक तर कॉल तुटला, वर तोडणारा मराठीत बोलत होता.

औषधांचा घाऊक पुरवठा करणाऱ्या त्या कंपनीचं नेटवर्क रावजी एकहाती सांभाळत. पितळी दिव्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या जवळच्या नाचियारकोविलहून रोज बसने येत. पूर्वज मराठ्यांच्या अमदानीत तंजावरकडे आलेले, त्यामुळे घरात मराठी आणि उंबऱ्याबाहेर तमिळ. वयाने लहान बाईलाही तिकडे अम्माच म्हणतात. त्यांची मराठी मला जुन्या पत्रातली वाटे. माझ्या मराठीबद्दल त्यांचं मत एवढंच, की "तुमचें बोलणें फार घाईचें."

त्यांच्या सर्व्हरच्या खोलीत प्रत्येक वायरीला पितळी बिल्ला होता. घराशेजारच्या दिवे ओतणाऱ्यांकडून पितळेचं कातरण आणून त्यावर ते स्वतः आकडे ठोकत. आणि आठवड्यातून एकदा, जेवणाच्या सुट्टीत, कुणालाही न सांगता एक वायर उपटत. का, म्हणून विचारलं तर उत्तर ठरलेलं: "आमच्या गल्लींत दिव्यांत तेल भरून ठेवितात, गळत नाहीं हें पाहतात, मग विकतात. चालेल म्हणणें वेगळें, चाललें म्हणणें वेगळें."

मी आले होते ती खोली रिकामी करायला. सगळं क्लाउडवर न्यायचं, मग यंत्रं भंगारात आणि खोलीला कुलूप. पुढची देखरेख पुण्यातून होणार होती, म्हणजे रावजींची नोकरी जाणार होती. हे मला ठाऊक होतं आणि न बोलण्याची ताकीदही होती. त्यांच्या घरून येणारा चिंचेचा भात मी रोज चाटूनपुसून खात होते आणि गप्प होते. लाज वाटे, पण तोंड उघडण्याइतकी नाही.

खोली बंद व्हायला आठवडा उरला. सगळं हलवून झालं होतं, माझ्या पडद्यावर सगळे दिवे हिरवे. रावजी म्हणाले, "रविवारीं गोदाम बंद असतें. एकदां सारें तोडून पाहूं." मी थोड्या आढ्यतेनेच हो म्हटलं. रविवारी त्यांनी जुन्या खोलीतली सगळी यंत्रं बंद केली. गोदाम बंद असलं तरी दुकानांच्या ऑर्डरी क्लाउडवर मजेत येत राहिल्या. मी विजयी मुद्रेने त्यांच्याकडे पाहिलं.

"सरी," ते म्हणाले, म्हणजे तमिळमध्ये 'ठीक'. "आतां कांहीं बिघडलें असें समजा. आंत शिरून दाखवा."

मी पासवर्ड टाकला. पुन्हा टाकला. दार उघडेना. क्लाउडमध्ये शिरणाऱ्याची ओळख पटवणारं यंत्र त्याच खोलीत होतं, आणि ते आम्ही आत्ताच बंद केलं होतं. किल्ली कपाटात ठेवून कपाट लावून घेतल्याची गत. पुण्यातल्या आम्ही पाच जणांनी तपासून सह्या केल्या होत्या. ती यंत्रं भंगारात गेल्यावर काही बिघडलं असतं, तर गावोगावच्या दुकानांचं इन्सुलिन अडकलं असतं आणि आत शिरायला कुणालाच वाट नसती.

रावजींनी खोली पुन्हा चालू केली आणि दोन दिवस माझ्या शेजारी बसून ती चूक दुरुस्त करून घेतली. मंगळवारी जेवणाच्या सुट्टीत पुन्हा सगळं तोडलं. या वेळी मी आत शिरले. "गळत नाहीं," ते समाधानाने म्हणाले.

मग माझ्याने राहवेना. "रावजी, हे चाललं म्हणजे तुमची नोकरी गेली."

"ठाऊक आहे." त्यांनी एक मेल उघडून दाखवली. सोडून जाणाऱ्यांची दार उघडण्याची कार्डं आणि लॉगिन बंद करण्याचं काम त्यांच्याकडेच होतं, त्यामुळे दर महिन्याची यादी त्यांनाच येई. या खेपेलाही नेहमीसारखी आली होती. पाचवं नाव त्यांचं होतं. कुणाची यादी कुणाला पाठवतोय हे वर कुणी पाहिलंसुद्धा नव्हतं. मेल महिन्यापूर्वीची होती.

"मग मला चूक का दाखवलीत? गप्प राहिला असतात तर पुण्याचे साहेब तुमच्या पाया पडत आले असते."

"गळका आहे हें ठाऊक असतां दिवा कसा द्यावा, अम्मा?" मग हलकेच म्हणाले, "अशी यादी उद्यां तुमच्या पुण्यासहि येईल. आतां वायरी ओढणारा कशास हवा? पण काय तुटेल हें विचारणारा लागतो. तेवढें शिकून ठेवा."

शेवटच्या संध्याकाळी त्यांनी यादीतली नावं एकेक करून बंद केली. पाचव्या नावापाशी हात अडखळला नाही. अडखळले मी. डबा आणि पिशवी घेऊन ते दाराशी गेले, बाहेर पडायला कार्ड लावलं. लाल दिवा. पुन्हा एकदा लावलं. पुन्हा लाल.

"सरी. नीट बंद झालें," ते म्हणाले, आणि बाजूला सरून माझ्या कार्डाची वाट पाहत उभे राहिले.